पाटावरचं पुस्तक

तिसरीत मी दोन वर्षं काढली होती आणि तिसरं वर्ष काढायच्या तयारीत होते. बरोबरच्या मुली पुढं गेल्या, मागची लेकरं येऊन शेजारी बसली, आणि मी आपली खिडकीजवळच्या त्याच जागेवर. शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा पास झाली तर शाळा. न्हाई तर दप्तर खुंटीला आन् ही वावरात." अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी एकदा चहा सोडला तो सोडलाच, पाहुण्यारावळ्यांकडं गेले तरी कपाला हात लावायचे नाहीत. त्यामुळं माझी शाळा आता उन्हाळ्यापर्यंतचीच, हे मी धरून चालले होते.

आता मी हे लिहिते आहे, म्हणजे पुढं कधीतरी मला लिहायला आलं हे उघड आहे. ते लपवून तुमचा जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. पण लिहायला येणं वेगळं आणि त्या उन्हाळ्यात शाळा राहणं वेगळं. मला सांगायचंय ते शाळेचं.

आमचं गाव कुरुंद्याच्या जवळ, हळदीचं. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीचे म्हणवायचो आणि बाजाराला वसमतला जायचो. घरी खाऊनपिऊन ठीक होतं, आणि मला कुणी छळत होतं असंही नाही. फक्त पुस्तक उघडलं की माझी पंचाईत व्हायची. म चा भ व्हायचा, घ चा ध व्हायचा. एका ओळीतून मी खालच्या ओळीत कधी उतरायची ते माझं मलाच कळायचं नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागले की मुंग्यांच्या रांगेवर कुणी फुंकर मारावी तसं व्हायचं. हे कुणाला सांगावं असं कधी वाटलं नाही. सगळ्यांनाच असं दिसत असणार, फक्त बाकीचे हुशार आहेत म्हणून त्यांना जमतं, असा माझा पक्का समज होता.

बरं, ठोंब म्हणून सोडून द्यावं तर तसंही नव्हतं. कविता एकदा ऐकली की मला पाठ. कुठल्या वावरातली हळद कुठल्या पोत्यात भरली हे अण्णा मला विचारायचे, आणि मी बरोबर सांगायची. घात तिथंच झाला. जी पोरगी पोती ओळखते तिला अक्षर ओळखता येत नाही, हे अण्णांना पटायचं नाही. मी मुद्दाम करते, असं ते धरून बसले. त्यांची स्वतःची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूत झालेली. मराठी त्यांनी नंतर आपल्या जोरावर उचललेलं. "मी दुसऱ्याची लिपी शिकलो, तुला आपली येत न्हाई?" असं विचारून ते पाठीत धपाटा घालायचे. मारून झालं की स्वतःच जेवायचे नाहीत. मला आपल्या पाठीपेक्षा त्यांच्या उपाशी राहण्याचं जास्त वाईट वाटायचं.

संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी आमचे गुरुजी ओट्यावर आले. तरुण होते, बौद्ध घरातले, औरंगाबादला शिकून आलेले. सायकल भिंतीला टेकवून त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी ते शिकत असताना घेतलं होतं. वरची पानं केव्हाच गेलेली, त्यामुळं नावही नव्हतं आणि लिहिणाऱ्याचाही पत्ता नव्हता. गुरुजींनी त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं.

"अण्णा, हे मुलांचं पुस्तक नाही," ते म्हणाले. "आईवडिलांसाठी आहे. ज्यांच्या मुलांना वाचणं, लिहिणं जड जातं त्यांच्यासाठी. रोज थोडं वाचा. मुलीला जवळ बसवून वाचा. वाचायच्या वेळी तिच्यावर रागवायचं नाही. आणि त्यात जे करायला सांगितलंय ते करून बघा. मधेच सोडू नका मात्र."

अण्णांनी पुस्तक घेतलं, कारण गुरुजींना नाही कसं म्हणायचं. पण खरं ऐकलं ते दाराआड उभ्या असलेल्या आईनं. आमच्या घरात तोवर एकच पुस्तक होतं, ते म्हणजे पोथी. लाल फडक्यात बांधलेली, श्रावणात देवळीतून बाहेर निघणारी. आई लहानपणी चार बुकं शिकली होती ती सगळी त्या पोथीवरच खर्च झाली होती. रोज वाचायचं, सगळ्यांनी जवळ बसायचं, रागवायचं नाही, सांगितलेलं करायचं, मधेच सोडायचं नाही: हे नियम आईला नवे नव्हतेच. गुरुजींनी पारायण सांगितलं, असं तिच्या मनानं घेतलं. आणि एकदा आईच्या मनानं घेतलं की अण्णांचाही इलाज नसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर मधल्या खोलीत पाट मांडलेला, भोवती रांगोळी, समई लावलेली, आणि पाटावर ते खाकी कव्हरातलं पुस्तक. त्यावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. आई अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन बसलेली. मला तिनं उजव्या बाजूला बसवलं आणि अण्णांना समोर. अण्णांना गड्यांना काम लावून द्यायचं होतं, ते चुळबुळ करायला लागले. "पोथी चालू असताना उठू न्हाई," आई म्हणाली. झालं, अण्णा बसले.

आईचं वाचन बेताचंच. ओळीखाली बोट धरून, पोथीच्या चालीवर, शब्द ओढत ओढत ती वाचायची. पुस्तकात प्रकरणं होती, आईनं त्यांचे अध्याय केले. पहिल्या अध्यायात लिहिलं होतं की असं मूल आळशी नसतं, मुद्दाम करत नसतं, आणि त्याच्या डोक्यातही काही कमी नसतं. हे सगळं आईनं अशा काही सुरात म्हटलं की शेवटी अण्णांनी हात जोडले. सवयीनंच जोडले असतील. पण माझ्याबद्दलच्या बऱ्या शब्दांना माझ्या बापानं हात जोडलेले मी त्या दिवशी पाहिले, आणि मला रडू यायला लागलं ते मी आईच्या पदराच्या टोकात पुसलं.

पारायण लागलं म्हटल्यावर गल्लीतल्या बाया यायला लागल्या. कुणी वाटीभर तांदूळ आणले, कुणी फुलं. ही कुठली पोथी, असं कुणी विचारलं नाही. आपल्याला कळत नाही अशी पोथी म्हणजे मोठीच असणार, असा एकंदर हिशेब. एका काकूंनी तेवढं विचारलं, "ह्या पोथीला निवद कशाचा लागतो वं माय?" आई क्षणभर अडली आणि मग म्हणाली, "लेकराच्या आवडीचा." त्यामुळं मला रोज गूळशेंगदाणे मिळाले. हे पुस्तकात कुठंही नव्हतं, पण असायला हवं होतं असं माझं आजही मत आहे.

गल्लीच्या टोकाची एक बाई रोज दाराशी येऊन बसायची. तिचं पोरगं मोठं झालं तरी बोलत नव्हतं, आणि त्यावरून तिला सासरच्यांनी काय काय ऐकवलं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. एके दिवशी आईनं वाचलं की मुलाची अशी अडचण ही आईची चूक नसते. पुढची ओळ सुरू होणार तेवढ्यात ती बाई म्हणाली, "थांबा वं. तेवढंच पुन्ना एकदा वाचा." आईनं वाचलं. "आनखी एकदा," ती म्हणाली. आईनं पुन्हा वाचलं. पोथी मधेच मागं न्यायची नसते, पण त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही.

आणि मग तो अध्याय आला. आई वाचत होती ती एकदम थांबली, तीच ओळ पुन्हा मनात वाचली आणि अण्णांकडं बघून म्हणाली, "हितं करायला सांगितलंय."

"कुणाला?"

"आईबापाला. आरशात बघायचं आन् डाव्या हातानं आपलं नाव लिवायचं."

"कशापायी?"

"ते फुडं सांगितलंय. आधी करायचंय."

साध्या पुस्तकात असं लिहिलं असतं तर अण्णांनी हसून बाजूला टाकलं असतं. मुळात उघडलंच नसतं. पण हे पाटावर होतं, त्याला हळदकुंकू लागलं होतं आणि समोर बाया बसल्या होत्या. पोथीत सांगितलेलं नाही कसं म्हणणार? आईनं त्यांचा दाढीचा आरसा आणून समोर धरला, माझी पाटी मांडीवर दिली. अण्णांनी डाव्या हातात पेन्सिल धरली. पाटीकडं बघायचं नाही, आरशातच बघायचं. पहिलं अक्षर उलटं गेलं. पुसलं. पुन्हा काढलं, तर काना भलतीकडंच निघाला. हात एकीकडं जायचा आणि डोळे दुसरीकडं ओढायचे. एका काकूला हसू आवरेना. अण्णांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा पुसलं, पुन्हा सुरुवात केली, ओठ घट्ट मिटून, आणि हिवाळ्याच्या त्या सकाळी त्यांच्या कपाळावर घाम आला. नाव काही पुरं झालं नाही.

त्यांनी पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"तुला रोज असं व्हतं?"

"व्हय," मी म्हणाले.

"समद्या शाळंभर?"

"व्हय."

मला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. आईनं पुढचं वाचलं, त्यात नेमकं तेच समजावून सांगितलं होतं, पण ते ऐकायची अण्णांना गरज उरली नव्हती. त्या सकाळनंतर त्यांनी माझ्यावर हात उचलला नाही. माझ्या पाठीला ते पुस्तक पावलं, हे मी ठामपणे सांगू शकते.

आईला मात्र डोळ्यांना दिसणारा गुण हवा होता. शेवटचा अध्याय झाला त्या दिवशी तिनं पुरण घातलं, बायांना बोलावलं, आरती केली. मग पुस्तक पाटावरून उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाच." तिला खरोखरच वाटत होतं की आता मला येणार. मलाही थोडं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मी पान उघडलं. पहिल्याच शब्दावर म चा भ झाला. मी अडले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडले. समईची वात नीट करायच्या निमित्तानं आईनं तोंड फिरवलं. बाया जेवून, विडा घेऊन गेल्या. जाताना एक म्हणाली, "पोथी खरी असंल, पोरीचंच नशीब खोटं." आई आत जाऊन चुलीपाशी रडत बसली.

अण्णा पाटासमोरून उठले नव्हते. आतून हुंदका ऐकू आला तसे ते म्हणाले, "काहून रडून राहिली? उद्यापासून पुन्ना लाव."

"गुण आला न्हाई तर?" आई आतूनच म्हणाली.

"एकदा वाचून कुणाला पोथी पावली हाय का आजवर? पुन्ना लाव."

त्याच संध्याकाळी अण्णा गुरुजींना सगळं सांगून आले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले. नेहमीसारखे ओट्यावरच टेकले. वर्षभर ते या गावात होते, पण आमच्या ओट्याच्या आत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि का बोलावलं नाही हे कुणी विचारलंही नव्हतं. आई दारात आली. "गुरुजी, पोथी तुमच्या हातून आली. तुमी भाईर बसून कसं चालंल?" असं म्हणून तिनं आत पाट मांडला. ते आत आले, चहा घेतला, आणि त्यांची नजर आपल्या पुस्तकावर गेली. खाकी कव्हर कुंकवानं लाल, पानांच्या कडा हळदीनं पिवळ्या. ते काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत.

खूप वर्षांनी मी त्यांना विचारलं तेव्हा ते हसले. "ही पोथी नाही, असं सांगणार होतो मी," ते म्हणाले. "मग दिसलं, त्या पुस्तकात जे जे सांगितलंय ते सगळं तुमच्या घरात चाललंय. मी नुसतं पुस्तक म्हणून समजावून सांगितलं असतं तर अण्णा दोन दिवस तरी बसले असते का? म्हटलं, राहू दे पाटावरच." माझी सगळी हयात मी या समजूतदारपणाची ऋणी आहे. शिकलेल्या माणसांना आपलं बरोबर असूनही गप्प बसणं फार अवघड जातं.

दुसरं आवर्तन लागलं आणि हळदीचा हंगामही लागला. वावरात चुलाणं पेटली, मोठ्या लोखंडी काहिलींत हळद शिजायला लागली, खळ्यावर वाळत पडली. सकाळी कुणालाच सवड नसायची, म्हणून पोथी दुपारी खळ्यावरच्या निंबाच्या सावलीत वाचायची असं ठरलं. आता बायांची गर्दी नव्हती. आई, अण्णा, मी, आणि सवड काढून येणारी ती गल्लीच्या टोकाची बाई. पुस्तकात एके ठिकाणी होतं की अक्षर वाळूत बोटानं मोठं काढावं, डोळे मिटून पुन्हा काढावं, तोंडानं त्याचं नाव घ्यावं. पहिल्या वेळी वाळू नाही म्हणून आईनं तेवढा नेम सोडला होता. आमच्याकडं सगळी काळी माती, वाळू आणायला नदीवर जावं लागायचं. आता अण्णांनी परातीत हळदीची भुकटी आणून ओतली. वाळलेली हळद ढोलात घालून फिरवली की तिची वरची साल झडते, ती भुकटी.

त्या भुकटीत मी म काढला. डोळे मिटून काढला. बोट वर गेलं, खाली आलं, गाठ बसली. मग भ काढला. डोळ्यांनी बघितलं की दोघं एकमेकांत शिरायचे, पण बोटाला ते वेगवेगळे कळायचे. मला इतका आनंद झाला की मी परात संपवायची असल्यासारखी काढतच सुटले. संध्याकाळी माझे हात कोपरापर्यंत पिवळे. येणारेजाणारे अण्णांना चिडवायचे, "काय, पोरीला हळद लावली? वऱ्हाड कुठलं?" अण्णा म्हणायचे, "वऱ्हाड न्हाई. शाळा भरून राहिली."

मला वाचता यायला लागलं ते एखाद्या दिवशी पडदा वर जावा तसं नाही. आज दोन शब्द, उद्या त्यातला एक विसरलेला. कधी आठवडा आठवडा काहीच नाही. त्या पुस्तकात हेही लिहिलं होतं, की असं होतं आणि त्या दिवसांत आईवडिलांनी धीर सोडू नये. ज्यानं हे लिहिलं तो माणूस की बाई, कुठल्या गावची, हयात आहे का, मला काही ठाऊक नाही. पण आमच्या खळ्यावर त्याची ओळख सगळ्यांना होती. एखाद्या दुपारी मी अगदीच अडले आणि आईचा आवाज चढायला लागला की अण्णा पाटावरच्या पोथीकडं बोट करायचे, आणि आई गप्प व्हायची. मी कुणाचे आभार मानायचे म्हटलं की पहिल्यांदा त्या नाव नसलेल्या माणसाचे मानते.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. गणितात मी बरी होते. भाषेचा पेपर मी पहिल्यांदाच अर्ध्याच्या पुढं लिहिला. अर्धा पुरेसा होतो की नाही, हे मला माहीत नव्हतं.

निकालाच्या दिवशी मी घरी आले तेव्हा अण्णा बैलगाडीत पोती भरत होते. वसमतला जायचं होतं, दोन गडी हाताशी होते. आई दारात उभी. मी काही बोलायच्या आधीच सगळ्यांना माझं तोंड दिसलं असणार.

"सांग," अण्णा म्हणाले.

"नापास. भाषेत."

गड्यांनी हातातलं पोतं तसंच धरून ठेवलं. जेवताना अण्णांनी टाकलेला शब्द त्यांनाही ठाऊक होता, गावाला ठाऊक होता. मी दप्तर खांद्यावरून काढलं आणि खुंटीकडं निघाले, कारण आता ते मीच टांगलेलं बरं, असं मला वाटलं.

"ते काहून काढून राहिली?" अण्णा म्हणाले. "घाल खांद्यावर. चल."

ते गाडीवरून उतरले, हात धोतराला पुसले आणि माझा हात धरून निघाले. शाळेच्या वाटेवर पार होता, त्यावर नेहमीची माणसं बसलेली. त्यातल्या एकानं हाक मारली, "काय अण्णा, लागला का पोरीचा निकाल?"

"लागला. नापास हाय," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "फुडल्या वर्साचं नाव घालायला चाललो."

"आन् शाळा बंद करणार व्हता न्हवं?"

अण्णा थांबले. गावात ज्या माणसाचा शब्द कुणी कधी फिरलेला पाहिला नव्हता, तो सगळ्या पारासमोर माझा हात धरून उभा होता.

"व्हय, म्हणलो व्हतो," ते म्हणाले. "तवा मलाच येत नव्हतं."